जूनच्या पाण्यासाठी एप्रिलची सुई

१७ मे २०२१ची दुपार. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने समुद्रातून गुजरातकडे सरकत होतं. कुर्ल्याच्या नेहरूनगरात, तिसऱ्या मजल्यावर, खिडक्यांच्या फटींत जुनी फडकी कोंबून आम्ही बसलो होतो. राणी, आमची गावठी कुत्री, सकाळपासून ओट्याखाली सिलिंडरच्या मागे अंग चोरून बसली होती. समोरच्या गच्चीवरचा पत्रा उडून खाली आदळला. काय झालं ते बघायला सासूबाईंनी दार उघडलं आणि त्यांच्या पायांमधून राणी जिन्याने खाली पळाली. मी गेटपर्यंत पोहोचेस्तोवर ती दिसेनाशी झाली होती. माझा नंबर कोरलेला बिल्ला तिच्या पट्ट्याला होता, पण पट्टा आदल्या दिवशी भिजला म्हणून दारामागच्या खिळ्याला वाळत होता.

तिसऱ्या दिवशी ती चुनाभट्टीला एका भाजीच्या हातगाडीखाली सापडली. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने तिला ओढणीने बांधून जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिच्या खांद्यांवरून स्कॅनर फिरवला, कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा पंधरा आकडी नंबर आला. त्यांनी चिपच्या कंपनीकडे विचारलं, माझं नाव निघालं. फोन नंबर मात्र मी दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमचा होता. तिथेच सगळं थांबलं असतं. पण कंपनीच्या नोंदीत चिप बसवणाऱ्या दवाखान्याचं नाव होतं, त्या दवाखान्याच्या जुन्या वहीत माझ्या नणंदेचा नंबर होता, आणि त्या मुलीने हे सगळं शोधायचा कंटाळा केला नाही. रात्री नऊला फोन आला, "ताई, डाव्या कानाचं टोक दुमडलेली कुत्री तुमची का?"

चिप होती, चालत होती, आणि तरी राणी आम्हाला कायमची अंतरली असती, कारण नोंद शिळी होती. लशींचंही असंच होतं. "लस दिलीय की" असं आपण म्हणतो, पण कोणती, कधी, पुढची तारीख कोणती, हे विचारलं की वही शोधावी लागते. लस आणि चिप ही दोन्ही कामं पाऊस यायच्या आधीच का उरकायची आणि नेमकी कशी, ते इथे सोपं करून सांगते.

वादळ दिवसाचं, पाणी चार महिन्यांचं

अमेरिकेत ज्याला हरिकेन म्हणतात ते आपलं चक्रीवादळच. अटलांटिकच्या बाजूला त्याचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. आपल्या अरबी समुद्रात वादळं बहुतेक पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात, मे-जूनमध्ये आणि मग ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. ३ जून २०२०चं निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तौक्ते मेमध्ये आलं. म्हणजे मुंबईत प्राणी पाळणाऱ्याला आधी वारा, मग पाणी, मग पुन्हा वारा असा सगळा हंगाम सांभाळायचा असतो. त्यातला जास्त धोका पाण्याचा. वारा निघून जातो, हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे आणि आमचं नेहरूनगर मात्र दरवर्षी तुंबतं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मुंबईत सगळ्यांना तोंडपाठ आहे. पाणी ओसरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत लेप्टोचे, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे, रुग्ण रुग्णालयांत भरायला लागले, ते मात्र लोक विसरले. साधारण महिन्याभराने, २९ ऑगस्ट २००५ला, अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं. न्यू ऑर्लिन्समध्ये कितीतरी माणसांनी कुत्र्या-मांजरांना टाकून जायला नकार दिला, कारण सुटकेच्या बसमध्ये आणि निवाऱ्यात प्राण्यांना जागाच नव्हती. काहींचा त्यात जीव गेला. वाचवलेल्यांपैकी हजारो प्राणी आपल्या माणसांपर्यंत परत पोहोचलेच नाहीत. पुढच्या वर्षी, २००६मध्ये, तिथे कायदाच झाला की आपत्तीच्या योजनेत पाळीव प्राण्यांचा विचार करावाच लागेल.

आपल्याकडे मिठी नदीची पातळी वाढली की कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या कुटुंबांना महापालिकेच्या शाळेत हलवतात. अशा वेळी हातात पोरं, कागदपत्रं आणि गॅसचं पुस्तक असतं. कुत्र्याचं काय, हा प्रश्न ज्याचा त्यानेच सोडवायचा असतो, आणि तो आधीच सोडवून ठेवावा लागतो.

लेप्टो घरात कसा येतो

लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार. हा जिवाणू स्क्रूसारखा पिळदार असतो आणि उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो. उंदराला स्वतःला सहसा काही होत नाही, पण त्याच्या मूत्रातून जिवाणू बाहेर पडत राहतात. एरवी उन्हात आणि कोरड्या जागी ते लवकर मरतात. साचलेल्या कोमट पाण्यात आणि ओल्या मातीत मात्र आठवडे-आठवडे तग धरतात. पावसाळ्यात गटारं वर आली की उंदरांच्या बिळांतलं सगळं रस्त्यावरच्या पाण्यात येतं. त्या पाण्यात कुत्रा चालतो, पंजाच्या गादीला बारीकशी चीर असते, नाहीतर तो ते पाणी चाटतो, किंवा नाका-डोळ्यांत उडतं. जिवाणूंना शरीरात शिरायला तेवढं पुरतं.

साधारण आठवड्याभरात, कधी थोडं उशिरा, लक्षणं दिसतात. ताप, खाणं सोडणं, उलट्या, मागच्या पायांत कळ, खूप पाणी पिणं किंवा लघवीच बंद होणं. मग हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो. मूत्रपिंड आणि यकृत एकदम हातचे जाऊ शकतात.

आमच्या शेजारच्या विंगमधले टायगरचे काका, त्यांना सगळे याच नावाने ओळखतात, दरवर्षी लस देणारे. एका वर्षी मुलीच्या लग्नाच्या गडबडीत एप्रिल राहिला, मेही राहिला. जुलैत गुडघाभर पाणी आलं, टायगर गेटपर्यंत जाऊन आला. पाणी उतरल्यावर काकांना आठवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी लस देऊन आणली. आठव्या दिवशी टायगरने दूध-पोळीला तोंड लावलं नाही. मी वर गेले तेव्हा काकांनी त्याचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या कच्च्या हळदीसारख्या झाल्या होत्या. पाच दिवस सलाइन चाललं, सहाव्या दिवशी टायगर गेला. काका अजून म्हणतात, "लस दिली होती गं मी." त्यांनी दिली होतीच. पण लस आणि जिवाणू एकाच आठवड्यात शरीरात गेले, आणि लशीला तयारीला जितका वेळ लागतो तितका जिवाणूंनी दिला नाही.

दोन कुप्या आणि दोन डोस

हा वेळ कशाला लागतो, ते डॉक्टर लस भरतात तेव्हा नीट बघितलं की लक्षात येतं. त्यांच्या फ्रिजमधून दोन छोट्या काचेच्या कुप्या निघतात. एकीच्या तळाशी पांढरट, पोकळ, खडूच्या तुकड्यासारखी वाळलेली वडी असते. दुसरीत द्रव असतो. सिरिंजने द्रव ओढून वडीवर सोडतात, कुपी हलकेच फिरवतात, वडी विरघळते आणि ते मिश्रण कुत्र्याच्या मानेमागच्या सैल कातडीखाली जातं.

वडीत डिस्टेंपर, पार्वो, काविळीविरुद्ध संरक्षण देणारा अडिनोव्हायरस असे दुबळे केलेले पण जिवंत विषाणू असतात. ते शरीरात थोडे वाढतात, आजार करत नाहीत, पण शरीराला शत्रूची पक्की ओळख करून देतात. म्हणून मोठ्या कुत्र्यात ती ओळख वर्षानुवर्षं राहते. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरिनरी असोसिएशन या जागतिक संघटनेच्या सूचनांप्रमाणे पिल्लूपणीचे डोस पूर्ण झाल्यावर या लशी तीन वर्षांतून एकदा दिल्या तरी चालतात. द्रवात बहुतेक वेळा लेप्टोचे मेलेले जिवाणू असतात. मेलेला जिवाणू वाढत नाही, त्यामुळे शरीर त्याला एकदा बघून फारसं लक्षात ठेवत नाही. पहिला डोस ओळख करून देतो, दोन ते चार आठवड्यांनी दिलेला दुसरा डोस ती ओळख घट्ट करतो, आणि खरं संरक्षण त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी उभं राहतं. तेही साधारण वर्षभर. म्हणून लेप्टोची लस दरवर्षी लागते, आणि मध्ये फार खंड पडला तर डॉक्टर पुन्हा दोन डोसांपासून सुरुवात करतात.

आता कॅलेंडर उघडा. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५मध्ये तो २६ मेलाच आला, नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यात लवकर. त्यामुळे माझा हिशेब सोपा आहे: पाडवा ते अक्षय्य तृतीया, या दरम्यान दोन्ही डोस उरकले पाहिजेत. ज्यांचा दरवर्षीचा एकच बूस्टर आहे त्यांनीही एप्रिल सोडू नये.

डॉक्टरांना एक प्रश्न न लाजता विचारा: "यात लेप्टो आहे का?" दुकानी भाषेत फाइव्ह-इन-वन, सेव्हन-इन-वन, नाइन-इन-वन अशी नावं चालतात आणि आपण आकडा ऐकून समाधान मानतो. लेप्टोशिवायच्याही लशी मिळतात. लेप्टोच्या पुष्कळ उपजाती आहेत, काही लशींत दोन असतात, काहींत चार. आपल्या मुंबईच्या पाण्यात राहणाऱ्याने जास्त उपजातींची लस मागावी, असं मला वाटतं. आणि कुठलीच लस सगळ्या उपजाती झाकत नाही, म्हणून लस झालेल्या कुत्र्यालाही तुंबलेल्या पाण्यात खेळू देऊ नये.

कुपीवरचं लेबल सोलून डॉक्टर लशीच्या वहीत चिकटवतात. ते चिकटवून घ्याच. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते, तेव्हा दुकानातून आणून स्कूटरच्या डिकीत तासभर फिरवलेली कुपी देऊन उपयोग नाही. टोचून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं दवाखान्यातच बसा. क्वचित एखाद्याचं तोंड सुजतं, उलटी होते, त्यावर लगेच औषध देता येतं. दिवसभर सुस्ती, थोडी कणकण ही नेहमीची गोष्ट.

पाणी लागल्यावर काय करायचं? घरी आल्याआल्या पाय साबणाने धुवायचे, बोटांच्या मधे कोरडं पुसायचं, चीर दिसली तर डॉक्टरांना दाखवायची. आजारी पडला तर पहिलं वाक्य हेच सांगा की तो अमुक दिवशी साचलेल्या पाण्यात गेला होता. त्या एका वाक्याने डॉक्टरांची अर्धी शोधाशोध वाचते. लेप्टोवर डॉक्सिसायक्लिन चालतं, महापालिका पाण्यातून चाललेल्या माणसांनाही ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून तेच घ्यायला सांगते. पण आपल्या गोळ्या मोडून कुत्र्याला देऊ नका, मात्रा डॉक्टरांनाच ठरवू दे. पॅरासिटामॉल तर मांजराचा जीव घेतं, कुत्र्याला आयबुप्रोफेन घातक. आणि लेप्टो झालेल्या कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला, कारण त्यातून तो घरातल्या माणसांना होतो. कुत्र्याला दिलेली लस त्या अर्थाने अख्ख्या घराची राखण करते.

रेबीज, पिल्लं आणि मांजरं

पाण्यात सगळेच प्राणी उंचवट्यावर गोळा होतात. जिन्याखालच्या चार फुटांत आपला कुत्रा, गल्लीतले तीन आणि घाबरलेलं मांजर. चावाचावी होते. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस काय, प्राणी काय, वाचणं जवळजवळ अशक्य. लस बाराव्या आठवड्यापासून देतात, वर्षाने बूस्टर, पुढे लशीच्या लेबलवर आणि डॉक्टरांच्या सांगण्यावर. कोणी चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा, कुत्र्याची लस झालेली असली तरी. मुंबईत पाळीव कुत्र्याचा महापालिकेचा परवाना काढावा लागतो आणि त्याला रेबीजचा दाखला लागतो, तेव्हा हे काम टाळून चालतच नाही. घर सोडून जायची वेळ आली तर कुत्र्यांच्या वसतिगृहातही हाच दाखला आधी मागतात.

पिल्लाची गोष्ट वेगळी. गाई-म्हशीचा चीक आपण आवडीने खातो, तसाच कुत्रीच्या पहिल्या दुधात चीक असतो आणि त्यातून आईची तयार प्रतिकारशक्ती पिल्लाला मिळते. ती काही आठवडे पिल्लाचं रक्षण करते, पण त्याच काळात दिलेली लसही ती शत्रू समजून निकामी करते. आईचं कवच कधी उतरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस देतात, म्हणजे कवच उतरल्याबरोबर एक तरी डोस बरोबर लागतो. "दोन दिले की, आता पुरे" असं म्हणून तिसरा सोडलेली पिल्लं पावसाळ्यात पार्वोने जातात. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, फिनाइलला दाद देत नाही, त्याला ब्लीचच लागतं. डोस पूर्ण व्हायच्या आत पिल्लाला पावसाळी रस्त्यावर सोडू नका, उचलून फिरवा.

मांजरांना ट्रायकॅट (तीन आजारांची एकत्र लस) आणि रेबीज, एवढं पुरतं. त्यांचा खरा प्रश्न पिंजऱ्याचा. पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीला लागल्यावर मांजराला पहिल्यांदा पिंजरा दाखवाल तर हात रक्तबंबाळ होतील आणि मांजर माळ्यावर जाईल. मेपासून पिंजरा उघडा ठेवून त्यात तिची गोधडी टाका, तिथेच खायला द्या.

गोचीडतापावर मात्र लस नाही. पावसाळ्यात गोचिडी भिंतीच्या फटींतून वर चढतात, तिथे महिन्याच्या औषधाशिवाय इलाज नाही.

चिपमध्ये काय असतं

चिप म्हणजे साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड काचेची नळी, लांब तांदळाएवढी. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक सूक्ष्म चकती. बॅटरी नाही. जाड सुईने दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सोडतात, भूल लागत नाही. राणी लशीच्या सुईला जेवढी केकाटली तेवढीच चिपच्या वेळी केकाटली.

बॅटरीशिवाय चालतं कसं? मेट्रोच्या गेटवर कार्ड टेकवता तसंच. कार्डातही बॅटरी नसते, गेटमधून येणाऱ्या लहरींवर ते क्षणभर जागं होतं आणि आपला नंबर सांगतं. चिपचंही तेच, फक्त लहरींची जात वेगळी. चिप १३४.२ किलोहर्ट्झवर बोलते, आपल्या मोबाइलचं एनएफसी, म्हणजे टेकवून पैसे देण्याची सोय, १३.५६ मेगाहर्ट्झवर. म्हणून मोबाइल चिपजवळ कितीही धरला तरी काही होत नाही, वेगळा स्कॅनर लागतो. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, पंधरा आकडी नंबरची चिपच घ्या, म्हणजे कुठलाही नीट स्कॅनर ती वाचू शकेल.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की चिप बसवली म्हणजे कुत्रा कुठे आहे ते फोनवर दिसेल. दिसत नाही. जीपीएसला बॅटरी लागते, सिम लागतं, ते पट्ट्याला लावायचं यंत्र वेगळं. चिपमध्ये तुमचं नाव नसतं, पत्ता नसतो, फक्त पंधरा आकडे. त्या आकड्यांपुढे नाव आणि फोन लिहिलेली वही दुसरीकडे, चिप बनवणाऱ्या किंवा नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे असते. वहीत नाव नसेल तर चिप मुकी.

२००९मध्ये अमेरिकेतल्या ५३ आश्रयस्थानांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे आलेल्या, भटकत सापडलेल्या कुत्र्यांपैकी सगळे मिळून सुमारे २२ टक्के मालकांकडे परत गेले. चिप असलेल्यांत हा आकडा ५२ टक्क्यांच्या वर होता. मांजरांत तर २ टक्क्यांहून कमी विरुद्ध ३८ टक्के. आणि चिप असूनही मालक सापडला नाही, त्याचं सगळ्यात मोठं कारण चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. ते वाचलं तेव्हा मला माझं जुनं सिम आठवलं.

मग चिपचं काम पूर्ण कधी झालं म्हणायचं? टोचण्याआधी डॉक्टरांनी पाकिटातल्या चिपवर स्कॅनर धरून नंबर दाखवावा, टोचल्यावर पुन्हा धरून दाखवावा, आणि पाकिटावरचा बारकोडचा स्टिकर लशीच्या वहीच्या पहिल्या पानावर लागावा. नोंदणीचा अर्ज त्याच दिवशी, तिथेच बसून भरा. "आम्ही भरू नंतर" यावर विसंबू नका. आमच्या ओळखीतल्या एकांचा अर्ज दवाखान्याच्या टेबलावरच चार वर्षं पडून होता. अर्जात दोन फोन नंबर द्या, दुसरा मुंबईबाहेरच्या नातलगाचा, कारण शहरात वीज आणि नेटवर्क गेलं तर पुण्या-साताऱ्याचा फोन तरी लागतो. फोन बदलला की गॅस, बँक आणि आधारसोबत चिपची नोंदही बदला. दरवर्षी लशीला जाल तेव्हा "जरा स्कॅन करा" म्हणा. चिप क्वचित खांद्यावरून खाली पायाकडे सरकते, ते तेव्हाच कळतं. परदेशी न्यायचा विचार असेल तर आधी चिप, मग रेबीजची लस, असाच क्रम ठेवा. युरोपात चिपच्या आधी दिलेली रेबीजची लस धरत नाहीत, कारण ती नेमकी याच कुत्र्याला दिली हे सिद्ध करता येत नाही.

आणि तरीही पट्टा हवाच. आपल्याकडे प्रत्येक दवाखान्यात स्कॅनर नसतो, आणि हातगाडीखाली बसलेल्या कुत्र्याला बघणाऱ्या माणसाकडे तर नसतोच. त्याला दिसतो तो पट्ट्यावरचा नंबर. २०२३मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या वीस भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे पट्टे बांधले होते. साध्या मोबाइलने कोड वाचला की त्या कुत्र्याची लस, नसबंदी आणि सांभाळणाऱ्याचा नंबर दिसे. घरच्या कुत्र्यालाही असा पट्टा करता येतो. पट्टा निघतो, पडतो, वाळत घातला जातो. चिप निघत नाही. म्हणून दोन्ही.

पाणी चढतं त्या रात्री

परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, आणि १८८६पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, मुंबईकरांचा दोन्हींवर विश्वास. पण कुर्ल्याहून परळला जायचं तर सायन, किंग्ज सर्कल, हिंदमाता, सगळे पाण्याचे अड्डे वाटेत. ज्या दिवशी खरी गरज असते त्या दिवशी तिथे पोहोचताच येत नाही. म्हणून तीन दिवसांचं खाणं, चालू औषधं, प्यायचं पाणी आणि लशीच्या वहीची प्लॅस्टिकमधली प्रत एका पिशवीत दाराजवळ ठेवलेली बरी. वहीच्या पानांचे आणि कुत्र्याच्या चारही बाजूंचे फोटो घरातल्या ग्रुपवर टाका. एक फोटो तुमच्यासोबतचा, म्हणजे कुत्रा तुमचाच आहे यावर वाद होत नाही. महापालिका समुद्राच्या भरतीच्या तारखा आधी जाहीर करते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र दिसले की त्या दिवशी कुत्र्याचं फिरणं सकाळी लवकर उरका, दाराला आतून कडी लावा आणि पट्टा गळ्यातच राहू द्या. आपत्कालीन कक्षाचा नंबर १९१६.

कुठल्याही परिस्थितीत कुत्र्याला बांधून ठेवून घर सोडू नका. पाणी साखळीच्या लांबीपेक्षा वर चढतं. नेता येतच नसेल तर मोकळं सोडा, वरच्या मजल्याचं दार उघडं ठेवा. आणि पाण्यात उतरण्याआधी मीटरचं मेन स्विच बंद आहे ना ते बघा. पाण्यात उतरलेल्या विजेने माणसं आणि कुत्री दोन्ही जातात.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी आमच्या सोसायटीत बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की पाणी आलं की तळमजल्याचं लोखंडी दार उघडायचं आणि त्यांना पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत येऊ द्यायचं. ज्यांचा विरोध होता त्यांचा प्रश्न रास्त होता, चावली तर? त्यावर आम्ही मेमध्ये एका संस्थेला बोलावून चारही कुत्र्यांना रेबीजची लस दिली. नसबंदी आधीच झालेली, त्याची खूण म्हणून कानांचे कोपरे कापलेले. वॉचमन यादवदादांनी लस घेतलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात लाल नायलॉनची दोरी सैल बांधली, म्हणजे कोण राहिलं ते लांबूनच कळतं. काळू पळून गेला होता, त्याला दुसऱ्या रविवारी बिस्किटावर धरलं. गेल्या पावसाळ्यात ते चौघं आणि राणी एकाच जिन्यावर रात्रभर बसली होती. राणी मधल्या पायरीवर होती, पट्ट्यासकट.